एकदाच सांगणारी कुत्री

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहा ते अकरा या वेळात शेजाऱ्यांनी अमरावतीतल्या माझ्या मोठ्या बहिणीच्या घराचं दार अर्धा तास वाजवलं. ती घरातच होती. दार उघडलं गेलं नाही.

गॅसवरचं दूध जळून गेलं होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर बाहेर येत होता. वारा घराबाहेरच्या दिशेनं होता, त्यामुळे मागच्या खोलीत वास पोचला नाही. तिथे ताई दाराकडे पाठ करून वाचत बसली होती. शेवटी शेजारचे भाऊ, सत्तरीला आलेले आणि शेती मुलांवर सोपवलेले, मागची भिंत चढून अंगणात उतरले आणि त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. नुकसान एका पातेल्याचं झालं. मला अकोल्यात त्यांचा फोन आला तो अकरा वाजून पाच मिनिटांनी.

ताई एकोणसत्तर वर्षांची आहे. तिनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही. गेल्या सहा वर्षांत तिचं ऐकणं हळूहळू गेलं. कानातलं यंत्र ती बाहेर जाताना लावते. घरात काढून ठेवते, कारण त्यातून मिक्सर, पंखा आणि माणूस एकाच आवाजात बोलतात. समोरच्या माणसाचे ओठ दिसले की तिला बहुतेक सगळं कळतं. आदल्या वर्षी मी पुढच्या खोलीत दिवा लागणारी बेल बसवून दिली होती. पण ती मागे असली की तो दिवा दिसत नाही, आणि त्या कॉलनीत बेल फार कमी लोक दाबतात. फाटकाची कडी वाजवायची आणि "हाय का कोणी घरी?" असं विचारत पायरीपर्यंत यायचं, ही तिथली रीत. कडी वाजली तर दिवा लागत नाही.

मी त्याच दुपारी बसनं अमरावतीला पोचलो.

"माझ्याकडची मागची खोली रिकामी करून ठेवली आहे," मी तिच्यासमोर बसून म्हणालो. "या महिन्यातच अकोल्याला चल."

"मले अकोल्याले नाही यायचं."

"एकटी कशी राहशील?"

"आतापर्यंत कशी राहिली?"

"आज भाऊ नसते तर?"

तिनं जळकं पातेलं उचलून मोरीत ठेवलं. मग म्हणाली, "गुढीपाडव्यापर्यंत मुदत दे, बाबू. तोवर दाराचं जमलं तर जमलं. नाही जमलं तर मीच बॅग भरते, तुले बोलावं लागणार नाही."

"काय करणार आहेस?"

"कुत्रं आणते."

दारात उभे असलेले भाऊ हसले. "ताई, कुत्रं भुंकल्यावर तुमाले ऐकू येईन का?"

"भाऊ, तुमी भिंतीवरून उतरले ते मले ऐकू आलं होतं का? दिसले ना शेवटी."

तिला कुठलंही कुत्रं नको होतं. दरवर्षी दिवाळीनंतर अमरावतीत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात आणि जानेवारी संपता संपता उठतात. त्यातल्या एका बाईकडून ताई वीस वर्षं स्वेटर घेते. त्या बाईच्या दुकानात सर्वांत उंच गठ्ठ्यावर एक लहान, लांब केसांचं, बदामी रंगाचं कुत्रं बसतं. मांजरापेक्षा थोडं मोठं, तोंड आखूड, शेपूट पाठीवर वळलेली. पुढच्या गर्दीकडे ते लक्ष देत नाही. गल्ल्यामागचा पडदा कोणी हलवला तर मात्र उठून उभं राहतं, दोनदा भुंकतं आणि त्या बाईकडे पाहतं. तिनं पाहिलं की पुन्हा बसतं.

"असं पाहिजे," ताई म्हणाली. "वर्गात मॉनिटर असा असला तर काम होते."

मी जात शोधली. तिबेटन स्पॅनियल. मठांच्या भिंतींवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी पाळली जात असे, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. राखणीचं मोठं कुत्रं वेगळं असे; याचं काम फक्त कळवण्याचं. सोबतीला चांगलं, नजर तीक्ष्ण, स्वभाव स्वतंत्र. आपल्याकडे फार दुर्मीळ. स्वेटरवाल्या बाईनं पहिल्या भेटीत सरळ सांगितलं, "ये घर का है, साब. बेचने का नहीं." पूर्व विदर्भातल्या तिबेटी वसाहतीत तिच्या बहिणीकडे तीन वर्षांची एक मादी आहे, जानेवारीअखेर या, बघू, एवढंच ती म्हणाली.

जानेवारीअखेर म्हणजे मुदतीतले जवळपास दोन महिने गेले असते. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली. "बघू" या शब्दावर पान छपाईला सोडायची सवय मला नाही. मी अकोल्यात शोध सुरू केला. पाळीव प्राण्यांच्या एका विक्रेत्यानं बार्शीटाकळीत याच जातीची पिल्लं असल्याचं सांगितलं. मी दुसऱ्या एकाला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं, पिल्लांचा रंगही तोच. दोन वेगवेगळ्या माणसांचा दुजोरा मिळाला की बातमी लावायची, हा आमच्या धंद्यातला नियम. मी ताईला कळवलं, टोपली घेतली आणि निघालो.

बार्शीटाकळीत चार पिल्लं होती. चारही पॉमेरियनच्या मिश्रणाची. नाक लांब, कान ताठ. ज्याच्या घरी ती होती तो माणूस प्रामाणिक होता. "कोणती जात ते मले नाही माहीत," तो म्हणाला. "पातूरचा एक जण येऊन गेला, तो म्हणे तिबेटची हायेत." दोन्ही विक्रेत्यांना सांगणारा तोच पातूरचा माणूस होता. म्हणजे माझ्याकडे दोन सूत्रं नव्हती. एकच सूत्र दोन तोंडांनी बोललं होतं. डेस्कवर नवीन मुलांना मी हीच चूक करू नका म्हणून सांगत असे.

रिकामी टोपली पाहून ताई म्हणाली, "पुढच्या वर्गात नाही जात तू. इथंच बस."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं स्वेटरच्या दुकानात गेलो. निम्मे गठ्ठे बांधून झाले होते. मादी आलेली होती. रंग फिका पिवळसर, गळ्याभोवती दाट केस, पुढचे पाय किंचित वाकलेले. बाईनं माझ्याशी फारसं बोलणं केलं नाही. तिनं ताईला स्टुलावर बसवलं आणि ओठ दिसतील असं समोर बसून विचारलं, "दिनभर घर में कौन रहता है?"

"मी."

"और?"

"पुस्तकं."

बाईनं मादीला ताईच्या मांडीवर ठेवलं. ती दोन सेकंद बसली, उतरली आणि बाजूच्या गठ्ठ्यावर चढली. मला वाटलं, झालं. मग ती वळली, ताईच्या खांद्याला पाठ टेकवून बसली आणि रस्त्याकडे पाहू लागली. बराच वेळ तशीच होती.

"गोद में नहीं बैठेगी," बाई म्हणाली. "पीठ टेकेगी. जिस को पीठ टेकती है उस का घर देखती है. एक बात सुनो, बहनजी. बार बार मत बोलना. ये एक बार सुनती है, एक बार बोलती है."

ताईनं मान हलवली. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ कळायला मला दीड महिना लागला.

घरी आणलेल्या कुत्रीचं नाव इथे देत नाही. हाक मारून ती येत नसल्यानं घरातही त्याचा फारसा उपयोग होत नाही. पशुवैद्यांनी डोळे आणि छाती तपासली, प्रकृती ठीक असल्याचं सांगितलं आणि उन्हाळ्यात जपा, हे तीनदा बजावलं. पुढच्या खोलीच्या खिडकीखाली ताईची जुनी लोखंडी पेटी होती. पहिल्याच दिवशी ती पेटीवर चढली, खिडकीच्या कट्ट्यावर पोट टेकलं आणि फाटकाकडे तोंड करून बसली. ती जागा तिला कोणी दाखवली नव्हती.

भाऊ पाहायला आले. ती त्यांच्यावर दोनदा भुंकली आणि मग त्यांच्याकडे पाठ केली.

"हे कुत्रं हाय का मांजर, बाप्पा?"

"इन्स्पेक्टर आहे," ताई म्हणाली. "तुमची तपासणी झाली. जा आता."

मी प्रशिक्षण सुरू केलं. दर शनिवार-रविवारी अमरावतीला जायचं, बाहेर जाऊन कडी वाजवायची, कुत्रीनं भुंकायचं, मग ताईपर्यंत जाऊन तिच्या पायाला पंजा लावायचा, की कुत्रीला उकडलेल्या चिकनचा तुकडा. वही आखली: वार, वेळ, कोण आलं, कुत्रीनं काय केलं, ताईला कळलं का. शेवटचा रकाना शेऱ्याचा ठेवला. वही आठवडाभर ताईकडे राहायची. अधल्यामधल्या दिवशी कोणी आलं तर तिनं लिहायचं.

पहिल्या शनिवारी ती माझ्यासाठी चार वेळा भुंकली. दुसऱ्या दिवशी एकदा. पुढच्या आठवड्यापासून एकदाही नाही. मी वेळ बदलली, कडीऐवजी बेल वाजवली, चिकनऐवजी पनीर आणलं. पंजा लावायला तीनदा शिकवलं की चौथ्यांदा ती तोंड फिरवून पेटीवर जायची. फेब्रुवारीअखेर माझ्या नोंदींनुसार बेल बावीस वेळा वाजली होती, कडी एकोणीस वेळा. दार वेळेवर उघडलं गेलं ते पाच वेळा, त्याही सगळ्या पहिल्या शनिवार-रविवारच्या.

"जमत नाही हे," मी म्हणालो. "पण मी सोडणार नाही."

"तू नको सोडू," ताई म्हणाली. "तिनं तुले सोडलं."

मार्चच्या पहिल्या शनिवारी बस लवकर पोचली. ताई अंघोळीला गेली होती. दार भाऊंनी उघडलं, डिसेंबरातल्या त्या दिवसानंतर एक किल्ली त्यांच्याकडे असते. वाट पाहताना मी वही उघडली आणि पहिल्यांदाच मधल्या वारांच्या ओळी वाचल्या. तोवर मी फक्त माझ्याच ओळी मोजल्या होत्या. ताईला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या नोंदी मी अपुष्ट धरल्या होत्या. हे तिला सांगितलं नव्हतं.

नोंदी तिच्या वर्गातल्या अक्षरात होत्या. त्यांतल्या काही अशा:

मंगळवार, १०.४०. मीटर पाहणारा. उभी राहिली, शेपूट ताठ, दोनदा छाती हलली. मी पाहिलं. दार उघडलं.

बुधवार, १.१५. कुरिअर. तसंच. दार उघडलं.

शुक्रवार, ५.०५. समोरच्या घरी पाहुणे. उभी राहिली, भुंकली नाही. बसली. आपल्याकडे नव्हते.

शनिवार. धाकटा भाऊ, सात वेळा. शेपूट हलली. भुंकली नाही. घरचा माणूस आहे, काहून भुंकेल?

शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य अनेकदा होतं: लक्ष पूर्ण. आज्ञा नको.

माझ्या चाचण्यांत दार वाजवणारा माणूस नेहमी मीच होतो. कुत्रीनं दोन दिवसांत मला घरच्यांत धरलं होतं, आणि घरच्यांची वर्दी ती देत नव्हती. बातमीदारानं घटनेत स्वतः असू नये, हा दुसरा नियमही मी मोडला होता.

ताई केस पुसत आली.

"हे मला सांगितलं का नाहीस?"

"लिहिलं होतं ना."

"तोंडानं सांगायचं."

"तुले वाचता येते म्हणून लिहिलं," ती म्हणाली. "पण तू आपलंच छापलेलं वाचतं."

त्या दिवसापासून मी कुत्रीला शिकवणं थांबवलं आणि घर बदलायला घेतलं. ताईनं आधीच खुर्ची अशी फिरवली होती की पुढच्या खोलीत बसल्या जागी कुत्री दिसावी. प्रश्न स्वयंपाकघराचा होता. तिथून खिडकी दिसत नाही, मधे बोळ आहे. आईच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा माळ्यावर होता. मी आणि भाऊंनी तो खाली काढला आणि बोळाच्या कोपऱ्यात टांगला. ताई गॅसपाशी उभी राहून सांगत होती, "थोडा डावीकडे. डावीकडे म्हटलं ना, भाऊ. तुमचा डावा नाही, माझा." अकराव्या प्रयत्नाला आरशात पेटी, कट्टा आणि कुत्री पूर्ण दिसली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चढला आणि नवीन अडचण आली. खिडकी पश्चिमेची. दुपारी कट्टा तापायचा आणि बारा ते चार कुत्री पेटी सोडून कूलरपुढे फरशीवर आडवी व्हायची. त्या वेळात तीन माणसं परत गेली. मी स्वेटरवाल्या बाईला फोन केला. "ठंडा करो, साब," ती म्हणाली. "उस को मत हिलाओ, हवा को हिलाओ." आम्ही कूलर तिकडून उचलला आणि त्याचा झोत पेटीवर येईल असा लावला. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागाला वाळ्याचा पडदा बांधला, खालचा अर्धा भाग नजरेसाठी मोकळा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेटीवर परतली.

राहिलं मागचं अंगण. तिथून आरसा दिसत नाही, आणि मार्चमध्ये ताईचा अर्धा दिवस तिथे जातो. एका गुरुवारी ती खाटेवर शेवया वाळत घालत होती. वहीतली नोंद: ११.२०. मागे आली. पुढ्यात उभी राहिली, तोंडाकडे पाहिलं, परत गेली. मी मागून गेले. पोस्टमन.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी पंजा लावायला शिकवत होतो, ते ती कधीच करत नव्हती. पुढे येऊन उभं राहणं आणि पाहणं, एवढंच ती करत होती, आणि एकदाच. पुढच्या सोमवारची नोंद अशी: ४.३०. मागे आली. हात ओले होते, थांब म्हणून खूण केली. गेली. परत आली नाही. कुरिअरवाला चिठ्ठी ठेवून गेला. चूक माझी. स्वेटरवाली म्हणाली होती.

त्यानंतरच्या आठ दिवसांत नऊ अनोळखी माणसं फाटकाशी आली. नऊही वेळा दार उघडलं. ही नोंद मी मोजली, भाऊंना विचारून त्यातल्या सहांची खात्री केली.

"झालं ना?" भाऊंनी विचारलं.

"पाडव्याला," मी म्हणालो. "मुदत पाडव्यापर्यंत आहे."

माझ्याबरोबर काम केलेला एक छायाचित्रकार निवृत्तीनंतर अकोल्यातच असतो. ताईनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, कुत्रीनंही नाही. मी त्याला पाडव्याच्या दिवशी अमरावतीला पाठवलं. सूचना चार: वेळ तूच ठरव, ताईला किंवा भाऊंना कळू देऊ नको, बेल दाबू नको, कडी वाजव, हाक मारायची ती फाटकाबाहेरूनच. मी अकोल्यात थांबलो. रिकाम्या केलेल्या मागच्या खोलीत बसलो होतो. खाट लावलेली होती, गादी घातलेली होती.

चार वाजायच्या आधी त्याचा फोन आला. मी त्याला सवयीनं आधी वेळ विचारली.

"कडी तीन सदतीसला वाजवली," तो म्हणाला. "खिडकीत कुत्री होती. उठली, दोनदा भुंकली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत गेली. मी उभाच. तीन एकोणचाळीसला दार उघडलं. हात पिठाचे होते."

"काय म्हणाली?"

"मी म्हणालो, चुकीच्या घरी आलो वाटते. तर म्हणे, चुकून आले तरी पाणी घ्या, ऊन आहे. पाणी दिलं. श्रीखंड दिलं. मग म्हणे, अकोल्याहून आले ना?"

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो. तर म्हणे, त्याले सांगा, दोन मिनिटं लागली, मागच्या अंगणात होती. वहीत लिहिते."

मी रात्रीच्या जेवणाआधी मागच्या खोलीतली गादी गुंडाळून कपाटावर ठेवली.

पुढच्या शनिवारी मी अमरावतीला गेलो. सोबत नवीन वही होती, पहिली भरली होती. फाटकाची कडी चार वाजून दहा मिनिटांनी वाजवली. कुत्री खिडकीत पेटीवर होती. ती उठली नाही. शेपूट हलवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी पुन्हा कडी वाजवली, मग बेल दाबली. भाऊ घरी नव्हते. चार सोळाला ताई तुळशीला पाणी घालायला पुढे आली, तेव्हा दार उघडलं.